अ.पा.क.

पुण्याहून पौड रस्त्याला लागून भूगाव, भुकूम मागे टाकलं आणि घाट उतरला की पिरंगुट येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने, गोदामं, नव्या सोसायट्यांच्या पाट्या. या पाट्यांमागे जी भातखाचरं होती, आणि काही अजून आहेत, त्यांचे सातबारे काढले तर खातेदारांच्या नावांच्या रांगेत मधूनच तीन अक्षरं दिसतात: अ.पा.क.

अज्ञान पालनकर्ता. बाप अचानक जातो, वारस नोंद होते, मुलगी सात वर्षांची असते. तिचं नाव सातबाऱ्यावर चढतं, पण एकटं चढत नाही. त्याच्या पुढे 'अ.पा.क. आई' असं लिहून आईचं नाव येतं. जमीन मुलीची, कारभार आईचा. मुलीला ही तीन अक्षरं माहीतही नसतात. गुंठ्याचा भाव मात्र दरवर्षी चढत असतो, आणि घरी येणारा एजंट चहा पिता पिता विचारतो, "पोरीचं वय काय आता?"

एजंट हे उगीच विचारत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या आठव्या कलमानुसार अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकायची तर नैसर्गिक पालकाला, म्हणजे आईबापालाही, आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. पिरंगुटच्या माणसाला त्यासाठी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. परवानगीविना झालेली विक्री मुलाला सज्ञान झाल्यावर रद्द करून घेता येते. म्हणून मूल अठराचं व्हायला किती महिने उरले, याचा हिशेब घरातल्यांपेक्षा बाहेरच्यांनाच जास्त पक्का ठाऊक असतो.

कायद्याची मराठी अठरा पूर्ण न झालेल्याला 'अज्ञान' म्हणते आणि झालेल्याला 'सज्ञान'. शब्द ज्ञानाचे आहेत, आणि बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो. सज्ञानतेच्या वयाची चर्चा निघाली की लोक मुलाची अक्कल मोजायला बसतात. हल्लीच्या पोरांना बाराव्या वर्षी सगळं कळतं, मग अठरापर्यंत थांबायचं कशाला, असं एक जण म्हणतो. पंचविशीतल्यांना तरी कुठे कळतं, असं दुसरा म्हणतो. दोघांचंही खरं असू शकतं, तरी मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. कायदा मुलाची परीक्षा घेतच नाही. तो वाढदिवस मोजतो. भारतीय सज्ञानता कायदा १८७५ चा. अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान, इतकं त्याचं गणित साधं आहे. आदल्या रात्री झोपलेलं मूल सकाळी शहाणं होऊन उठतं, असा दावा त्यात कुठेही नाही.

मग ही तारीख कशासाठी? ती मोठ्यांसाठी आहे. या दिवसापर्यंत या मुलाच्या सहीवर, कष्टांवर, शरीरावर आपला फायदा करून घेऊ नका, असं ती भोवतालच्या मोठ्या माणसांना बजावते. सज्ञानतेचं वय हे मोठ्यांना घातलेलं कुंपण आहे. हे एकदा मान्य केलं की महाराष्ट्रातले या विषयावरचे गाजलेले वाद वेगळेच दिसू लागतात.

१९०३ चा एक खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. कलकत्त्यातल्या एका अज्ञान मुलाने घर गहाण टाकून सावकाराकडून पैसे उचलले. सावकाराच्या माणसाला मुलाचं वय ठाऊक होतं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच करार नव्हे, असा निर्णय झाला. मुलाला व्याज कळत होतं की नाही, यावर निकाल अवलंबून नव्हता. सावकाराने त्याची सही घ्यायलाच नको होती.

हेच तत्त्व शरीराला लावायला महाराष्ट्राला फार झगडावं लागलं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की बायकोने नांदायला यावं. तेव्हा त्या विशीच्या होत्या आणि त्यांनी नकार दिला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी फर्मावलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. समाजाला या खटल्यातला जो प्रश्न टोचला तो असा: अकराव्या वर्षी मोठ्यांनी लावून दिलेल्या लग्नाने बावीस वर्षांची बाई बांधली जाते का? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली. आज हे आकडे वाचून अंगावर काटा येतो. या कायद्यावरून तेव्हा पुण्यात रणकंदन झालं. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. टिळकांचं म्हणणं इथे नीट नोंदवायला हवं: मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत, ही शपथ लोकांनी आपणहून घ्यावी असं त्यांनीच सुचवलं होतं. त्यांचा विरोध परक्या सरकारने कायदा करण्याला होता. पण समाज आपणहून शपथ घेईल, ही वाट पाहण्याची किंमत दहा वर्षांच्या मुली मोजत होत्या. या वादात आगरकर बरोबर होते.

त्यानंतर वय पायरीपायरीने वर आलं. १९२९ च्या सारडा कायद्यात मुलीचं लग्नाचं वय चौदा होतं, १९७८ मध्ये ते अठरा झालं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. म्हणजे पाचातली एक. बीडच्या ऊसतोडीच्या टोळीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादम उचल देतो ती या कोयत्यावर. मुलगा एकटा असेल तर अर्धा कोयता. शिवाय वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती आईबापाला असते. त्या आईबापाला मुलीचं वय कळत नाही असं नाही. त्यांना साखर हंगामाचा हिशेब कळतो. मुलींसाठी लग्नाचं वय २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं आणि लोकसभेची मुदत संपताच २०२४ मध्ये बारगळलं. त्याची फार हळहळ वाटू नये. जिथे अठराचं कुंपणच पाचातल्या एकीसाठी मोडतं, तिथे ते तीन वर्षं पुढे सरकवून काय साधणार? तिथे वसतिगृह हवं, शाळेची बस हवी, आणि लग्न थांबवायला जाणाऱ्या ग्रामसेवकाच्या पाठीशी उभं राहणारं गाव हवं.

आता पुन्हा पौड रस्ता. या रस्त्याच्या पुण्याकडच्या टोकाला, पौड फाट्याजवळ, २६ ऑगस्ट १९९४ रोजी एकाच घरात पाच स्त्रिया आणि दोन मुलांचा खून झाला. त्यांतली एक स्त्री गरोदर होती. राठी हत्याकांड म्हटलं की त्या पिढीतल्या पुणेकरांना अजून तो दिवस आठवतो. दोघा आरोपींना १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

त्यांतल्या एकाच्या वयाचा मुद्दा खटल्यात कोणी काढलाच नाही. कागदोपत्री तो विशीतला होता. पुढे तुरुंगात असताना राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पुढे आलं. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या सत्र न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. २७ मार्च २०२३ च्या निकालाने शिक्कामोर्तब झालं की गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय बारा वर्षं सहा महिने होतं. तोवर तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला होता, त्यातला बराचसा फाशीच्या सावलीत. बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. त्याला सोडून देण्यात आलं.

हे वाचून पोटात कालवाकालव होते, आणि ती व्हायलाच हवी. सात माणसं गेली, हे कोणत्याही रजिस्टरने पुसलं जात नाही. पण सातवीत असायला हवं असं एक पोर पोलीस, वकील, तीन न्यायालयं आणि तुरुंग इतक्या मोठ्या माणसांच्या हातून गेलं, आणि एकानेही शाळेचा दाखला मागवला नाही, हेसुद्धा तितकंच भयंकर आहे.

वयाचा कागद हा गरिबाघरी कायमच कच्चा असतो. महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता येईना, गुरुजींना प्रवेश तर द्यायचाच होता, म्हणून त्यांनी १ जून लिहून टाकलं. केलं ते प्रेमानेच. पण बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात वयाचा पहिला पुरावा शाळेचाच धरला जातो, मग पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे नसेल तरच हाडांची तपासणी. गुरुजींची ती एक ओळ पुढे एखाद्याचं बालपण लांबवते किंवा तोडते. पिरंगुट, उरवडे, कासार आंबोलीच्या पट्ट्यात हेल्पर म्हणून कामाला येणारी बाहेरगावची पोरं ठेकेदाराच्या हातात आधार कार्ड ठेवतात. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. चौदाच्या आत कामावर ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरामधल्या मुलाला धोक्याच्या कामाला लावता येत नाही. ठेकेदाराने शाळा सोडल्याचा दाखला मागितला तर हे कुंपण उभं राहतं. नाही मागितला तर पोरगा अठराचा आहे असं मानून पाळी सुरू होते.

आणि मग १९ मे २०२४ ची पहाट. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. दोघेही २४ वर्षांचे, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले. मोटार चालवणारा १७ वर्षं ८ महिन्यांचा. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला, आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली. सगळा महाराष्ट्र खवळला, आणि ते रास्तच होतं. सज्ञान म्हणून खटला चालवा, ही मागणी झाली. पोलिसांनी तसा अर्जही केला. १५ जुलै २०२५ रोजी मंडळाने तो फेटाळला.

या निर्णयाने अनेकांचं रक्त उसळलं, तरी कायद्याने तो समजण्यासारखा आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर २०१५ मध्ये कायदा बदलला आणि सोळा ते अठरामधल्या मुलावर, गुन्हा निर्घृण असेल तर, प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट मोकळी झाली. निर्घृण म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे असा. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही, आणि किमान शिक्षा नसलेला गुन्हा या व्याख्येत बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलं होतं. पण या प्रकरणात सर्वांत जास्त संताप यावा अशी गोष्ट मुलाच्या वयाची नाहीच. अठरा न झालेल्या हाती मोटार कोणी दिली? त्याच्या टेबलावर दारू कोणी आणून ठेवली? महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. ससून रुग्णालयात त्याचा रक्ताचा नमुना बदलून जागी आईचं रक्त ठेवल्याचा, आणि घरच्या चालकाने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा पोलिसांचा आरोप आहे. बाप, आई, आजोबा, दोन डॉक्टर यांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करेल. तरी त्या यादीतलं प्रत्येक नाव सज्ञान माणसाचं आहे.

कायद्याने हे ओळखलेलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं १९९-अ कलम सांगतं की अज्ञान मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर दोषी पालक किंवा वाहनमालक. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. पिरंगुटच्या चौकात सकाळी साडेसहाला उभं राहिलं की दहावीच्या क्लासला निघालेली पोरं दिसतात, एका दुचाकीवर तिघं, बाजूने कंटेनर चाललेले. गाडीची किल्ली घरच्याच खुंटीवरून आलेली असते. एका वयाच्या कमी-जास्तीवर महिनोन्महिने बोलणाऱ्या समाजाने या किल्लीबद्दल घरात एकदा तरी बोलायला हवं.

एका ठिकाणी मात्र हे कुंपण मुलांच्याच पायात येतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचं वय अठरा केलं. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा एकमेकांवर जीव लावून पळून जातात, मुलीचा बाप फिर्याद देतो, आणि मुलगा बलात्काराच्या कलमाखाली आत जातो. अशा खटल्यांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये चिंता व्यक्त केली. विधी आयोगाने त्याच वर्षी वय खाली आणू नये असं सांगितलं, पण सोळा ते अठरामधल्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत सोय ठेवावी असं सुचवलं. आयोगाचं पहिलं म्हणणं पूर्ण योग्य आहे. वय सोळा केलं तर चाळिशीतल्या माणसालाही तीच मोकळीक मिळेल. दुसऱ्या म्हणण्यात आयोग कमी पडला. शिक्षा ठरेपर्यंत पोराची दोन-चार वर्षं तुरुंगात गेलेली असतात. वयात दोन-तीन वर्षांचं अंतर असलेल्या, एकमेकांच्या मर्जीने जवळ आलेल्या मुलांना गुन्ह्यातूनच वगळायला हवं. कुंपण मोठ्यांना आवरण्यासाठी आहे. दोन पोरांच्या मधोमध ते घातलं की बापाच्या हातातली काठी होतं.

अठराची सकाळ उजाडते तेव्हा मुलाच्या हाती काय असतं, हाही प्रश्न आहे. बडोद्याच्या गादीसाठी १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला गेला. राज्याचे पूर्ण अधिकार त्याला, म्हणजे सयाजीरावांना, मिळाले डिसेंबर १८८१ मध्ये, अठरा पूर्ण झाल्यावर. मधली सहा वर्षं कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते आणि इलियट नावाचा शिक्षक मुलाला शिकवत होता. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला सज्ञान होण्यासाठी तयार केलं गेलं, आणि त्यातून देशातला एक थोर राजा घडला. मुळशीतल्या एकरभर जमिनीच्या वारसाला कोणी सहा महिनेसुद्धा देत नाही. मतदार यादीत नाव, परवाना, बँकेचं खातं, आणि पाठोपाठ पौडला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात 'इथे सही कर' म्हणून अंगठ्याच्या यंत्रापुढे उभं करणं. काल ज्याची सही चालत नव्हती, त्याची आज एवढी घाई का झाली, हे त्याला कोणी सांगत नाही.

एकत्र कुटुंबाच्या न वाटलेल्या जमिनीत तर गाठ आणखी अवघड. तिथे कर्त्याला कुटुंबाच्या गरजेसाठी विक्री करता येते आणि आठव्या कलमाची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं. खरेदीखतात मग 'मुलांच्या शिक्षणासाठी व घरखर्चासाठी' ही ओळ येते. कधी ती खरी असते, कधी त्या पैशाची गाडी दारात उभी राहते. खरं काय ते विचारायचा हक्क मुलाला आहे, पण त्यासाठी ती ओळ आधी त्याने वाचलेली हवी.

पिरंगुटमध्ये, किंवा कुठेही, ज्या घरात या वर्षी कोणी अठरा पूर्ण करत असेल, त्या घराने त्याच्यासमोर सातबारा उघडून बसावं. त्याच्या नावावरचे, त्याच्या लहानपणी झालेले सगळे फेरफार त्याच्याबरोबर वाचावेत. मुलगी असेल तर तिच्याबरोबर आधी वाचावेत, कारण १९९४ पासून महाराष्ट्रात वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क जन्मापासूनचा आहे आणि हक्कसोडपत्राची घाई तिच्याच बाबतीत जास्त होते. अ.पा.क. शेरा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो, सोबत वयाचा पुरावा लागतो. पालकाने परवानगीविना केलेल्या विक्रीला आव्हान द्यायला मुलाला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. एकविसावा वाढदिवस आला की ती मुदत संपते.